कौमुदीच्या लेथचा चक

लिहायची मला सवय नाही. नीट जमेल असंही वाटत नाही. पण कौमुदीबद्दल कुणीतरी लिहायला हवं.

ती परदेशात, ट्रुगानिना नावाच्या उपनगरात माझ्या मुलाच्या शेजारी राहते. शिकायला आली आणि इथलीच झाली. आता बस डेपोत मेकॅनिक आहे. मोडीत निघालेल्या एका वर्कशॉपमधून तिनं लोखंड कातायचं जुनं लेथ मशीन गॅरेजमध्ये आणलं. त्याचा चक, म्हणजे काम धरून ठेवणारा जबडा, स्पिंडल या फिरत्या दांड्याच्या आट्यांवर गंजून घट्ट बसला होता. तो निघाल्याशिवाय पुढची दुरुस्ती होणार नव्हती.

तिच्या नवऱ्यानं, निनादनं, येत्या रविवारी भंगारवाला बोलावला होता. "शुक्रवारपर्यंत चक निघाला तर मशीन तुझं. नाहीतर गॅरेज माझ्या गाडीचं."

"डन," ती म्हणाली.

मी पिंपरीला एकतीस वर्षं लेथवर टर्नर होतो. सोमवारी तिनं गिअर अडकवून स्पिंडल जाम केला आणि चकमध्ये पकडलेल्या पहारीवर हातोडा उगारला, तेव्हा मी तिथंच बसलो होतो. अशानं बिडाच्या गिअरचे दाते तुटतात, हे मला माहीत होतं. पण मुलाकडे पाहुणा आलेल्या माणसानं इथल्या मेकॅनिकला काय शिकवावं, म्हणून गप्प राहिलो. टक्कन आवाज झाला आणि गिअरचा एक दाता फरशीवर पडला.

खाली मान घालून मी तिला खरं सांगितलं.

"माहीत होतं आणि बोलला नाहीत?" तिनं विचारलं. मग दाता उचलून तिनं डबीत ठेवला. "काका, आता रोज यायचं. आणि बोलायचं."

निनाद हसला. "दात पडलेल्या म्हातारीशी कसली कुस्ती खेळतेस गं?"

"तू स्कोअर मोज."

मग गिअरला हात लावायचा नाही असं ठरलं. डेपोतून आली की ती आट्यांच्या फटीत तेल सोडायची, उकळत्या पाण्यात बुडवलेले पंचे चकवर गुंडाळायची, पुलीला चामडी पट्टा आवळून स्पिंडल धरायची आणि चकमध्ये धरलेल्या लांब लाकडी दांड्यावर भार द्यायची. हातोडा नाही, झटका नाही. मंगळवारी काही हललं नाही. बुधवारी तळहाताला फोड आला. गुरुवारी तिनं त्यावर पट्टी बांधली आणि आणखी हातभर लांब दांडा घेतला.

शुक्रवारी दुपारी शिफ्ट संपवून ती थेट गॅरेजमध्येच आली. तिसऱ्यांदा पंचे बदलले. दांड्यावर जवळजवळ लोंबकळलीच ती.

"झटका नको," मी म्हणालो. "नुसता भार. धरून ठेव."

तिनं धरून ठेवलं. करकर झाली आणि दांडा वीतभर खाली गेला. पुढचे आटे तिनं हातानंच सोडवले. चक मांडीवर घेऊन ती फरशीवर बसली.

निनाद दारात उभा होता. त्यानं भंगारवाल्याला फोन लावला. "सॉरी मेट, संडेला येऊ नकोस," असं इंग्रजीत सांगून तो गाडी रस्त्यावर लावायला गेला.

कौमुदीनं डबी उघडून माझ्यापुढे धरली.

"हा दाता परत कसा बसवायचा, सांगा. गप्प बसलात तर चहा नाही."

मी खुर्ची पुढे ओढली.