घरी काढलेला हिवाळा

बीडहून वडवणीची एसटी धरली, तेव्हा वाटत होतं की दगडूभाऊंचं गाव रिकामंच असणार. हिवाळ्यात तिथली माणसं ऊसतोडीला गेलेली असायची. मी एका कारखान्यावरच्या साखरशाळेत (तोडकऱ्यांच्या मुलांची हंगामी शाळा) वीस वर्षं शिकवलं. शाळेशेजारी दगडूभाऊ आणि शांताबाई या तोडकरी जोडप्याची पाचटाची खोप असे. पहाटेची बैलांची घुंगरं, रसाचा आंबूस-गोड वास अजून आठवतो. यंदा फडात ऊसतोडणीचं मशीन आलं, दोघं घरीच आहेत असं कळलं, म्हणून निघालो.

वडवणीहून पुढे जीप धरली, तिचा टायर बसला. शेवटचा कोस चाललो. दोन्हीकडे दुष्काळाने करपलेली तूर. गाव मात्र माणसांनी भरलेलं.

"कावून चालत आले, गुरुजी?" शांताबाईंनी पाणी दिलं. मग बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. "पोरगं त्या मशीनवरच डायवर हाय. म्हणतंय, आता बसून खा."

दगडूभाऊ सडकेकडे तोंड करून बसले होते.

"दसरा झाल्यावर बिऱ्हाड बांधून दोन दिस हे सडकेला बसलते," शांताबाई हळूच म्हणाल्या. "कारखान्याचा टरक आला न्हाई. मीच हात धरून आणलं."

ते दगडूभाऊंनी ऐकलं असावं. एकदम वळून म्हणाले, "गुरुजी, शाळा सुटल्यावर तुमी सकाळी काय करता?"

घरी कुणाला सांगितलं नव्हतं, ते मी त्यांना सांगितलं. "निवृत्तीनंतर महिनाभर डबा घेऊन स्टँडवर बसत होतो. दुपारी तिथंच खायचो आणि घरी जायचो."

दगडूभाऊ बघत राहिले, मग खूप हसले. डोळे पुसून उठले आणि काठी घेऊन परसात गेले. तिथली बोर फळांनी लगडली होती.

"लगीन होऊन आले तवा लावलती," शांताबाई म्हणाल्या. "पिकलेली यंदाच पाह्यली."

दगडूभाऊंनी फांद्या झोडपल्या. शांताबाईंनी पदर पसरला. "हळू मारा की, डोक्यात पडतंय!" "मंग सरक ना बाजूला!" मग दोघं परसामागच्या बांधावर बसून एकाच पदरातली बोरं खाऊ लागली.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो. कारखान्यावरचे ते दिवस मी घरी किती कौतुकाने सांगत आलो! उद्या सकाळी दगडूभाऊ काय करतील, मला ठाऊक नाही. पण त्या वीस वर्षांत या नवराबायकोला दिवसाउजेडी शेजारी बसून काही खाताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.