आधी नकार सांगा

रिया, ओम, सुरेशआजोबांवर त्यांच्या कंपनीने केलेला व्हिडिओ तुम्ही तिकडे पाहिलात आणि ‘किती छान, आजी’ असं मला कळवलंत. म्हणून आज, सुरेश जाऊन दीड महिना झाल्यावर, लिहायला बसले आहे. ‘ते कुणाला कधी नकारात्मक बोलू देत नसत,’ असं त्यात त्याचे साहेब म्हणतात. साफ खोटं आहे ते. माझा धाकटा भाऊ असा नव्हता.

सुरेश ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या टीमचा मॅनेजर होता. सावेडीतल्या ऑफिसात त्याच्या टेबलासमोर खुर्च्या नव्हत्या, एक लांब बाकडं होतं. सकाळी सगळे त्यावर बसत आणि काल कुठल्या शेतकऱ्याने कसं हाकललं ते नक्कल करून सांगत. सर्वांत झणझणीत नकार आणणाऱ्याला चहाचा पहिला कप. मी एकदा डबा द्यायला गेले, तेव्हा आदल्या दिवशी मिरजगावहून हात हलवत परतलेला दत्ता कमरेवर हात ठेवून तिथल्या शेतकऱ्याची नक्कल करत होता. “नळी लई भारी हाय रं तुजी, पर आदी हिरीत पानी आन, मग नळी इक!” सगळे खो-खो हसले, दत्ताही. मग सुरेश म्हणाला, “बरोबर बोलला की तो. पाणी कमी म्हणूनच ठिबक, हे आपण त्याला सांगितलंच नाही. चल, मी येतो. आज विकायचं नाही, नुसतं रान बघायचं.” पुढे त्याच शेतकऱ्याने शेजाऱ्याला दत्ताचा नंबर दिला.

मग व्हिडिओतले हे नवे साहेब आले. नकार सांगणं बंद. सकाळी उभं राहून टाळ्या आणि ‘आज जमणारच’च्या घोषणा. सुरेश त्यांना म्हणाला, “साहेब, रडत आलेल्याला उभं करता येतं. खोटं हसणाऱ्याचं काय बिनसलंय, तेच कळत नाही.” साहेबांनी बाकडं बाहेर काढायला लावलं आणि त्याच्याकडून टीम काढून घेतली. त्यानंतर तो माझ्याकडे यायचा, चहा निववत बसायचा…

आणि शोकसभेत त्याच साहेबांनी ‘हसत निरोप देऊ’ म्हणत टाळ्या वाजवायला लावल्या. माझ्या भावाच्या फोटोसमोर टाळ्या! मी उठून म्हणाले, “हात खाली घ्या.” दत्ताचे हात मुळात वर गेलेच नव्हते.

बाहेर काढलेलं ते बाकडं दत्ताने तेव्हाच समोरच्या चहाच्या टपरीपाशी नेऊन ठेवलं होतं. टीम आजही ऑफिसात टाळ्या वाजवायला जाण्याआधी तिथे बसते आणि कालचे नकार सांगते. पहिला कप कुणाचा, यावरून अजून भांडणं होतात.