घर मिळालं, पण आईला गप्प केलं

मंडळी, आज चिखलीत भर बाजारपेठेतला फ्लॅट भाड्याने बघायला गेले होते. सोबत वरवट बकालहून आई आली होती. खाली दुकानं, दिवसभर वर्दळ, ऑफिस पायी जाण्याइतकं जवळ. मला जागा लगेच आवडली.

याआधी आडनाव सांगितलं की घरमालकांचा सूरच बदलायचा. म्हणून आज मी फक्त नाव सांगितलं.

घरमालकीण काकू स्वयंपाकघर दाखवत होत्या, तेवढ्यात आईचा फोन वाजला. तिनं नेहमीसारखं मोठ्यानं "जय भीम!" म्हटलं. मी पटकन तिचा हात दाबला. "आई, हळू बोल ना!"

काकूंनी ते पाहिलं. म्हणाल्या, "बोलू दे ना त्याहिले. तू सांग, राह्यले कवा येतं?"

जिना उतरताना आई म्हणाली, "त्या बाईले काही वाटलं नाही. तुले काऊन लाज वाटली व माय?"

आई न जेवताच गावच्या गाडीत बसली. फोनही उचलत नाहीये.

फ्लॅट पक्का झालाय, पण अभिनंदन नको. घरासाठी तुम्ही कधी आपल्याच माणसाला असं गप्प केलंय का? मग त्याच्यासमोर कसे गेलात?