सगळ्यांचा एकच नंबर

माझ्या चाव्यांच्या टपरीला लागूनच बाईंचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक संगणक, एक प्रिंटर, दोन खुर्च्या आणि काचेवर पाटी: ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.’ त्यांना सगळे फॉर्मवाल्या बाईच म्हणतात. वय साठीच्या पुढे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि एकदा बोलायला लागल्या की समोरच्याने घड्याळाकडे बघायची सोय नाही. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. एकुलती एक लेक परदेशात.

बाईंची चूक अगदी सुरुवातीलाच झाली, पण ती चूक आहे हे बरीच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. फॉर्मवर मोबाइल नंबराची चौकट रिकामी सोडता येत नाही. आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांकडे तेव्हा मोबाइल नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांना स्वतःचा नंबर पाठ नव्हता. मग बाई खुशाल स्वतःचा नंबर टाकून मोकळ्या व्हायच्या. पेन्शनला बाईंचा नंबर, वीजबिलाला बाईंचा, दवाखान्याच्या खात्यालाही बाईंचाच. त्यामुळे कुणाचंही खातं उघडायचं म्हटलं की सहा आकड्यांचा ओटीपी यायचा तो बाईंच्या फोनवर. चाळीसएक घरांची गुपितं त्या एका फोनात, आणि फोन काउंटरवर उघडा पडलेला.

मी कटकट करायचो. “बाई, मी दिवसाला वीस चाव्या कापतो, पण कुणाच्या कुलपाची जादा चावी माझ्याकडे ठेवत नाही. तुमच्याकडे तर अख्ख्या गल्लीच्या आहेत.”

“असू द्या हो. मी काय कुणाचं उघडून बघायला जाते?”

बघायला जात नव्हत्या, हे खरंच. पण नंबर का बदलत नाहीत, तेही मला ठाऊक होतं. ओटीपीसाठी माणूस यायचा. आला की खुर्चीत टेकायचा, सुनेची चार गाऱ्हाणी सांगायचा, दोन ऐकून घ्यायचा. बाईंचा दिवस त्यावर निघायचा. घरी गेल्यावर बोलायला चार भिंती होत्याच. लेकीचा फोनही त्याच कामाचा. तिच्या जुन्या ईमेल खात्याला आईचाच नंबर होता. “आई, आकडे आले का? सांग पटकन.” बाई सांगायच्या, आणि “जेवलीस का गं” विचारेपर्यंत पलीकडून फोन बंद. महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा. तरी त्या दिवशी बाई मला चहा पाजायच्या.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारे कंपाउंडर एकटे राहायचे. त्यांना विसरायला होऊ लागलं होतं. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि ते सगळे कागद दवाखान्याच्या ऑनलाइन खात्यात जमा झाले. हे फक्त बाईंना माहीत होतं, कारण खातं त्यांनीच उघडून दिलं होतं. नातेवाइकांना कळलं तर आपल्याला उचलून नेतील, घर सुटेल, एवढीच कंपाउंडरांना भीती होती. मलाही ही हकिगत नंतरच कळली.

एका दुपारी बाईंना फोन आला. कंपाउंडरांचा पुतण्या. “काका शेजारीच बसलेत,” म्हणाला. हे तर सगळेच म्हणायचे. पण याने आधी बाईंच्या गुडघ्याची चौकशी केली. दुकानात एकट्याच असता का, थकायला होत असेल ना, असंही विचारलं. बाई पंधरा मिनिटं बोलत होत्या, मधूनच हसत होत्या. टपरीतून मला फक्त बाईंचाच आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, चला, लेकीला एकदाची सवड मिळाली. शेवटी बाईंनी सहा आकडे सांगितले.

चौथ्या दिवशी नातेवाईक गाडी घेऊन हजर. सगळ्यांनी सगळे रिपोर्ट वाचलेले. कंपाउंडरांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. ते दुकानाच्या पायरीशी आले, आवाज न चढवता म्हणाले, “बाई, मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं.” गाडी गेली. संध्याकाळी पुतण्या माझ्याकडे नव्या कुलपाच्या दोन चाव्या करायला आला. तिसरी काकांना नको का, मी विचारलं. म्हणाला, “त्यांना कशाला?”

मला त्याचा संताप आला, पण चाव्या करून दिल्या. धंदा आहे.

बाईंनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसल्या. “दोन शब्द गोड बोलला आणि मी विरघळले हो. म्हाताऱ्या माणसाचं घर गेलं माझ्यापायी.” मी ‘तुमचा काय दोष’ वगैरे म्हणालो नाही. दोष होता.

त्यानंतर दीड महिना बाईंनी एकेकाला बोलावून घेतलं. ज्याचं खातं त्याचा नंबर. पासवर्ड ज्याचा त्याने टाकायचा. तेवढा वेळ बाई खुर्ची भिंतीकडे फिरवून बसायच्या. “आकडे आले तर कुणाला सांगायचे नाहीत. पोराला नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला नाही, मलासुद्धा नाही.” लोक कुरकुरले. “बाई, तुमच्यावर आमचा विश्वास आहे हो.” बाई म्हणायच्या, “तोच तर घात झाला.”

माझीही पाळी आली. माझ्याकडे मोबाइल येऊन तीन वर्षं झाली होती. नंबर लक्षात राहत नाही, अशी थाप मारून मी दर महिन्याला ओटीपी विचारायला त्यांच्या खुर्चीत जाऊन बसत होतो. त्या दिवशी दहाही आकडे घडाघडा म्हणून दाखवावे लागले. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ते टाइप केले.

फोन गप्प होत गेला. खुर्च्यांवर धूळ बसायला लागली. दिवसभरात एखादा फॉर्म, तोही घाईचा.

“आता एकच राहिला,” बाई एकदा म्हणाल्या.

“तो राहू द्या. घरचाच आहे.”

“कंपाउंडरांचा पुतण्याही घरचाच होता.”

त्यांनीच लेकीला फोन लावला, स्पीकरवर. लेक म्हणाली, “बरं झालं गं, मीच सांगणार होते. दर वेळी तुला उठवावं लागतं. थांब, आत्ताच बदलते.” नंबर बदलायलाही आधी जुन्या नंबरावर ओटीपी येतो. बाईंच्या हातातला फोन थरथरला.

“सांग आई.”

बाईंनी पहिला आकडा सांगितला. मग विचारलं, तिकडे थंडी आहे का. दुसरा सांगितला. खोकला गेला का. तिसरा. चौथ्याला चष्मा पुसायला घेतला. मी टपरीत हात थांबवून ऐकत होतो.

“आई, वेळ संपली बघ. परत पाठवते. या वेळी पटकन सांग हं, मला निघायचंय.”

फोन पुन्हा थरथरला. बाईंनी या खेपेला सहाही आकडे एका दमात, न अडखळता सांगितले.

“झालं आई. आता तुला माझा त्रास नाही,” लेक म्हणाली आणि तिने फोन ठेवला.