जयंतीच्या निळ्या बांगड्या

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. उंद्रीत आमच्या विहारामागच्या गल्लीला ती फक्त बांगडीवाली खाला. भीमजयंती जवळ आली की मशिदीकडच्या तिच्या घरून निळ्या बांगड्यांची टोपली घेऊन यायची आणि पांढऱ्या साडीवर कोणता निळा खुलतो, हे आम्हालाच शिकवायची. बांगडी चढवताना अंगठ्याचं हाड दाबत म्हणायची, "हात ढिला सोड. मी काय वोट मागून राह्यली?"

यंदा गावातल्या मोबाईलांवर एक मेसेज फिरला. खाला ओट्यावर टेकताच आईनं तिला चिडवलं, "तुमच्या लोकायजवळून काही घ्याचं नाही, असं आलं मोबाईलवर."

"मंग नको घेऊ," खाला शांतपणे म्हणाली. "माप तं पाहू दे."

माप पाहता पाहता आईच्या हातात सहा बांगड्या चढल्या, अगदी घट्ट.

"आता काढाच्या असतीन तं फोडा लागतीन," टोपली झाकत खाला म्हणाली. "जयंतीच्या तोंडावर फोडतं काय?"

आईनं मनगट फिरवून पाहिलं. मग हसू दाबत दुसरा हात पुढे केला.