ऑर्गनवरचा डावा हात

लाखनीच्या एका चहाटपरीवर आम्ही तिघे अकरा वर्षांपासून संध्याकाळी बसतो. मी सरकारी कचेरीतला कारकून, दुसरे शाळामास्तर, तिसरा टेलर. तिघांनाही झाडीपट्टीच्या नाटकांचं वेड, त्यातही मंचासमोर बसणाऱ्या वादकांचं. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथे नाटक होतं, आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर आमचं सुरू होतं: सगळ्या कंपन्यांतले वादक मोकळे मिळाले तर एका मंचासमोर कोणाला बसवायचं? तबल्यावर लवकर एकमत होतं. ऑर्गनवर कोण, या प्रश्नावर चहा थंड होतो.

प्रत्येकाची निवड, कारणासकट, मी वहीत लिहितो. नियम एकच. या हंगामात समोर बसून ऐकलेलाच वादक घ्यायचा, मोबाइलवरचा चालत नाही.

गेल्या हंगामात असंच एका नाटकाच्या दुसऱ्या दिवशी टेलर म्हणाला, "काल डाव्या हातानं काय भरलं गा त्यानं. गाणारी बाई दम घ्याले थांबली, अन् हा खालून सूर धरून राहिला. ऑर्गनवर माहा हाच." आणि त्यानं बॅनरवरच्या वादकाचं नाव घेतलं.

मी ते लिहून घेतलं, मग वरची माझी कालची नोंद पाहिली. "तो काल आलाच नव्हता. ताप होता त्याले. बदलीचा माणूस बसला होता."

मास्तर हसले. "झोपला होता का बे? का बॅनर वाचून आयकतेस?"

"मांगं बसलो होतो. दिसला नाही."

"दिसाचं काय काम? आठ वर्षं आयकून राहिला त्याले, अन् हात ओळखू येत नाही तुले?"

टेलर अर्धा चहा तसाच ठेवून उठला. पुढचे दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेलो. त्यानं मशीन थांबवलं.

"बाबू, वहीतला माहा रकाना काढून टाक. मले वरचे सूर आयकू येत नाही. दोन वर्षं झाले. तुमी वा म्हणता, तवा मी वा म्हणतो."

"डॉक्टरले दाखवलं?"

"जाईन ना भंडाऱ्याले. लग्नाचे कपडे हातावेगळे होऊ दे."

समजूत घालणं मला जमत नाही. मोजणं जमतं. त्याला माझ्या घरी नेलं, पेटीकडे पाठ करून बसवलं आणि भाता अगदी हलका ठेवून खालून एकेक पट्टी दाबत गेलो. ऐकू आली की त्यानं बोट वर करायचं. बेचाळीस पट्ट्यांपैकी एकतिसावीपर्यंत बोट वर झालं, पुढे नाही. वरून खाली आलो, तेव्हाही एकतिसावीलाच वर झालं. वरच्या अकरा गेल्या होत्या. ऑर्गनवर डावा हात वाजवतो त्या खालच्या सगळ्या शाबूत होत्या.

तेव्हा मी वही पुन्हा काढली. त्या प्रयोगाची माझी नोंद नाटक संपताच केलेली होती: "ऑर्गनवर बदली. बाईच्या गाण्यात डावा हात चांगला." त्याखाली टेलरचे टपरीवरचे शब्द होते. दोन्हींत एकच गोष्ट लिहिली होती. मी तपासलं होतं ते फक्त नाव.

वही मी त्याच्यासमोर धरली. त्यानं दोन्ही ओळी सावकाश वाचल्या.

"म्हणजे आयकलं मी."

"आयकलं. नाव चुकलं."

त्या संध्याकाळी तो टपरीवर आला आणि मास्तरांना कानाचं स्वतःच सांगितलं. आपल्या कपातला अर्धा चहा मास्तरांनी त्याच्या बशीत ओतला. मग म्हणाले, "मंग ऑर्गनवर कोण तुहा?"

"बदलीवाला."

"अन् त्याचा उजवा हात कसा आहे, हे कोण सांगंल?"

"तुमी सांगा ना मास्तर. तुमाले कान कायले देल्ले?"

बदलीवाल्याचं नाव आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. टेलरच्या रकान्यात मी बॅनरवरचं नाव खोडलं आणि "बदली" असं लिहिलं. माझ्या रकान्यातही तेच लिहिलं.