मुक्ताबाईंचं कुरण आणि तरोट्याचा दंड

हां, तर काल आपण कचरूची म्हैस बाभळीखाली बांधलेली सोडून उठलो. ती अजून तिथंच आहे. म्हैस निवांत रवंथ करतेय, कचरू समोर उभा आहे आणि मुक्ताबाई त्याला म्हणतायत, "ने की. कोण नाय म्हणतं? म्हशीच्या पोटाला लागंल एवढा तरोट्याचा ढीग घाल आन् दावं तूच सोड."

कचरू म्हणाला, "काकू, बकरीचा ढीग केवढा आन् म्हशीचा केवढा. हा काय इन्साफ झाला?"

"बकरी खाती केवढं आन् म्हैस खाती केवढं?"

 कचरू दुपारपर्यंत वाकून तरोट्याचं तण उपटत राहिला. ढीग उंच दिसावा म्हणून मध्येच त्यानं खाली दगड रचले. मुक्ताबाईंनी पायानं ढीग ढकलला, दगड बाजूला काढले आणि घरी गेल्या. कचरूनं पुन्हा उपटायला घेतला. म्हैस सुटली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

आता तुमच्यापैकी ज्यांना मुक्ताबाई ठाऊक नाहीत, त्यांना आधी त्या सांगायला पाहिजेत. आमचं गाव पिशोरजवळ, डोंगराला टेकून. खाली विहिरीवरची जमीन, तिथं मका आणि आलं. वर दगडगोट्यांचा उतार, आम्ही त्याला बरड म्हणतो. मुक्ताबाईंचे मालक कडुबा खालचं रान बघतात आणि वरचं रान, गुरंढोरं, गवत सगळं बाईंकडं. कडुबाला वरचं काही विचारलं तर तो म्हणतो, "तिकडचं सरकार अलग हाय. आपली तिथं तहसील लागत नाय."

मुक्ताबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्या उतारावर काय होतं? दगड आणि तरोटा. उन्हाळ्यात कुणीतरी काडी लावायचं, गवत जोमानं फुटतं म्हणून. बाईंनी पहिल्यांदा ती काडी बंद केली. मग चुना लावलेले दगड मांडून उताराचे तीन भाग पाडले. दोन भागांत आळीपाळीनं गुरं चारायची आणि तिसरा राखायचा. गवताचं बी पिकून जमिनीवर गळेपर्यंत त्या भागात जनावराचं खूर पडू द्यायचं नाही. पुढच्या साली दुसरा भाग राखायचा. कुसळी गवत कोवळं असतानाच कापायचं, नाहीतर त्याची कुसळं जनावराच्या तोंडात रुततात. पवना गवत मात्र उभं ठेवायचं आणि दसऱ्यानंतर कापून त्याची गंजी रचायची. मी शाळेत चौथीपर्यंत होतो, बाई तिसरीतच घरी बसल्या, पण त्यांचा हा हिशेब गावात कुणाला चुकीचा काढता आला नाही.

अडचण एकच. चुन्याचे दगड कशासाठी आहेत हे गुरांना कळत नाही आणि गुरांच्या मालकांना कळून घ्यायचं नसतं.

सुरुवातीला बाई शिव्या द्यायच्या. त्या शिव्या इतक्या चांगल्या असत की लोक ऐकायला थांबत, तेवढ्यात गुरं आणखी चरून घेत. मग त्यांनी जनावरं गावच्या कोंडवाड्यात नेऊन घातली. कोंडवाड्याची मागची भिंत पडलेली होती. जनावर पुढून आत जाई, मागून बाहेर पडे आणि बाईंच्या आधी वर पोचे. शेवटी हा दंड निघाला. तरोट्याला जनावर तोंड लावत नाही आणि एकदा पसरला की तो गवताची जागा धरून बसतो. फुलावर यायच्या आत उपटला तरच हटतो, आणि एवढा उतार एकट्या बाईच्या हातानं उपटून होणार नव्हता. म्हणून कायदा असा, की ज्याच्या जनावरानं राखीव गवत खाल्लं त्यानं गवताला जागा करून द्यायची. ढीग जनावराच्या पोटाला लागला पाहिजे आणि मालकानं स्वतः उपटला पाहिजे. गडी पाठवायचा नाही. तोवर जनावराला सावली, पाणी, चारा बाईंकडून. त्यामुळं काही म्हशी मुद्दाम पाहुणचाराला जातात असंही गावात बोलतात.

लोक ऐकतात ते उन्हाळ्याच्या भीतीनं. वैशाखात डोंगर काळा पडला की बाईंची गंजी तेवढी उभी असते. गरजेला त्या पेंढ्या कुणालाही देतात, पण ज्यानं पावसाळ्यात तरोटा उपटलाय त्याला आधी. गावच्या एका पुढाऱ्यानंही उपटलाय. त्यानं उपटतानाचा फोटो काढून घेतला आणि खाली लिहिलं, 'श्रमदान'.

असो. कचरूची म्हैस सुटली त्याच आठवड्यात बाईंची स्वतःची परीक्षा आली.

बाईंना एकच लेक, रूपा. डोंगराच्या पलीकडच्या वाडीत दिली आहे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली, तिचं नाव संस्कृती. लेकीला सासरी पाठवताना पाळण्याबरोबर बाईंनी चांदी नावाची गाय दिली, नातीला घरचं दूध मिळावं म्हणून. चांदी याच उतारावर वाढलेली. जावई ऋतुराज शहागंजात कापडाच्या दुकानात नोकरीला. आठवडाभर शहरात राहतो, सुट्टीला गावी येतो. त्यामुळं गाय पडली रूपाच्या आणि तिच्या सासूच्या, आवडाबाईंच्या गळ्यात. रूपा आवडाबाईंना आत्याबाई म्हणते; त्यांचे गुडघे दुखतात. आणि चांदीला लागलेली सवय अशी, की दाव्याला हिसडा द्यायचा आणि डोंगर चढून माहेरी यायचं. एकदा वाडीत परत नेऊन सोडली, दुसऱ्यांदा नेऊन सोडली.

तिसऱ्यांदा आली ती तेवीस सालच्या अधिक श्रावणात. पावसानं ओढ दिली होती, खाली मक्यानं माना टाकल्या होत्या आणि सगळ्या गावाची नजर बाईंच्या राखीव गवतावर होती. सकाळी बाई वर गेल्या तर चांदी नेमकी त्या राखीव भागाच्या मधोमध बसलेली. पोट टम्म.

बाईंनी तिला बाभळीला बांधलं. एवढ्यात तिथून कचरू चालला होता. त्यानं गाय पाहिली, कपाळावरचा ओळखीचा ठिपका पाहिला आणि तसाच खाली पळाला. पारावर येऊन बसला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"जावयाची गाय," तो म्हणाला. "राखीव गवतात. आता बघू काकूचा कायदा."

पारावरची माणसं सरसावून बसली. अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याचे पाय धुवायचे, त्याला धोंडे करून जेवू घालायचं, पोशाख करायचा. त्याला रानात वाकवून तरोटा उपटायला लावलं तर लेकीला सासरी काय ऐकून घ्यावं लागेल ते सांगायला नको. आणि माफी दिली तर कायदा त्याच दिवशी संपला. कचरूनं तर सांगूनच टाकलं, "जावई सुटला की सांजच्याला माझ्या म्हशी वर. मग कुणी काय बोलायचं नाय."

एवढ्यावर भागलं असतं तरी पुरे होतं. दुपारी मी बाईंच्या ओट्यावर चहा घेत होतो, तेव्हा रूपाचा फोन आला. बाईंना कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो.

"माय, आमच्या आत्याबाई म्हणत्यात गाय आता घरी आणायचीच नाय. रविवारी आमी धोंड्याला आलो की तिकडूनच पिकअपमधी घालून बाजारात. ह्यांनी पिकअप सांगितली बी. मला कुणी विचारलं नाय. पोरीला दूध कुठून आणू?"

 बाई म्हणाल्या, "रविवारी ये. पोरीला टोपडं घालून आण, वारं लई हाय."

फोन ठेवला. मी म्हणालो, जावयाशी बोला की. त्या म्हणाल्या, "दिलेल्या गाईवर देणारानं काय बोलावं, नाना?" ते खरंच होतं. आमच्याकडं तशी रीत नाही. माझा चहा संपला तसा मी उठलो.

रविवारी कचरू न्याहारी करून बाभळीखालच्या दगडावर येऊन बसला. सोबत आणखी दोघं-तिघं. मला बोलावणंच होतं. ऋतुराज मोटारसायकलवर रूपाला आणि पोरीला घेऊन आला. पोरगा वाईट नाही. हसतमुख, दुकानातल्यासारखा सगळ्यांशी अदबीनं बोलतो. बाईंनी त्याचे पाय धुतले, कुंकू लावलं, पांढराशुभ्र पोशाख दिला. तो लगेच अंगात घालावा लागला. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. कडुबा आग्रह करत होता, म्हणजे न बोलता ताटात वाढत होता.

जेवण झालं, पान झालं. बाई म्हणाल्या, "चला जावईबापू, वर जाऊन येऊ. गाय बघा."

सगळे वर गेले. ऋतुराजनं चांदीच्या पाठीवर हात फिरवला. कचरू दगडावरनं उठला.

"जावईबापू, ढीग केवढा लागतोय ठावं हाय का?"

"कसला ढीग?"

"तरोट्याचा. गाईच्या पोटापस्तोर. मालकानं उपटायचा. काकूचा कायदा हाय, म्या आत्ता याच आठवड्यात उपटलाय. हे बघा हात."

ऋतुराज हसला. मग त्याच्या ध्यानात आलं की दुसरं कुणी हसत नाही. त्यानं बाईंकडं पाहिलं. बाई उताराकडं बघत होत्या.

"मामी, खरं का हे?"

"कायदा तर हाय," बाई म्हणाल्या. "पर तो जनावराच्या मालकाला हाय. तुमी दोघं नवराबायको बसा, ठरवा, आन् मला सांगा, हिचा मालक कोण."

ऋतुराजनं उतार पाहिला. गुडघाभर तरोटा वाऱ्यावर हलत होता. मग त्यानं स्वतःच्या पांढऱ्या पोशाखाकडं पाहिलं. माणूस हुशार, दुकानात गिऱ्हाईक वळवणारा. तो म्हणाला, "मामी, ठरवायचं काय त्यात? गाय तुम्ही रूपाला दिली होती ना? मग तिचीच हाय. मालकीण ती."

"चारचौघांत सांगताय?"

"सांगतो की. गाय रूपाची."

"ऐकलं आमी," कचरू म्हणाला, पण त्याचं तोंड उतरलं होतं. जावई निसटला हे त्याला दिसत होतं. कायदाही मोडला नव्हता. त्यानं इतके दिवस धरलेली आशा अशी एका वाक्यात गेली.

रूपानं पोरगी नवऱ्याच्या हातात दिली, पदर खोचला आणि उतारावर गेली. लहानपणी याच रानात वाढलेली ती. तरोट्याचं बूड धरून तिरकं ओढायची, मुळासकट बाहेर. ऋतुराज पोरीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता. पोरगी पोशाखावर ओकली. कचरूला तेवढंच जरा बरं वाटलं. मग तोही बसल्या जागचा तरोटा सवयीनं उपटायला लागला, तेव्हा बाई म्हणाल्या, "तुझा ढीग अलग घाल, कचरू. पुढच्या वक्ताला कामाला येईल."

ढीग चांदीच्या पोटाला लागला आणि खालच्या वाटेनं पिकअप आली. ड्रायव्हरनं मागचं फळकं खाली टाकलं. ऋतुराजनं पोरगी कडुबाकडं दिली आणि दाव्याला हात घातला.

रूपा हात झटकत पुढं आली. कोपरापर्यंत माती होती.

"कुणाची गाय नेता?"

"अगं, आईचं ठरलंय ना. गुडघे..."

"आत्याबाईच्या गुडघ्याचं मी बघीन. धार मी काढीन, शेण मी काढीन. गाय कुणाची ते सांगा."

ऋतुराज थांबला. त्यानं आधी बाईंकडं पाहिलं, बाई ढिगातला एक तरोटा उचलून त्याचं मूळ तपासत होत्या. मग त्यानं आमच्याकडं पाहिलं.  कचरू पुढं सरला. साक्षीदार व्हायची संधी त्यानं आजवर सोडलेली नाही.

"जावईबापू, घडीभर झाली तुमच्या तोंडचं ऐकलंय. गाय तिची. आता बदललं तर माझ्या म्हशीच्या दंडाचं बी बदलावं लागंल."

ऋतुराजनं दावं सोडून दिलं. कानामागं खाजवलं आणि थोडा हसला सुद्धा. ड्रायव्हरला म्हणाला, "दादा, परत जा. मालकिणीचा विचार नाय." पिकअप रिकामी गेली. सायंकाळी मोटारसायकल पुढं आणि मागून रूपाच्या चुलतभावानं चालवलेली चांदी, अशी वरात डोंगराच्या वाटेला लागली.

आवडाबाई आठ-दहा दिवस सुनेशी बोलल्या नाहीत म्हणे. मग दूध घरात आहे म्हणताना चहापुरतं बोलल्या, आणि पुढं हळूहळू सगळंच. दसऱ्यानंतर गवत कापलं तेव्हा बाईंनी पवन्याच्या पेंढ्यांची एक गाडी तिकडं पाठवली. चांदीनं तेव्हापासून डोंगर चढलेला नाही.

मला मात्र एक गोष्ट सतावत होती. गवत कापायच्या दिवसांत मी वर गेलो. बाई विळा घेऊन बसल्या होत्या. मी म्हणालो, "मुक्ताबाई, त्या दिवशी जावई असं म्हटला असता, की गाय माझी आहे, मी उपटतो तरोटा, मग? मग तर गाय गेलीच होती बाजारात."

त्यांनी हातातली मूठ कापून पेंढीवर ठेवली आणि म्हणाल्या, "मग त्यानं उपटला असता. एवढं वाकून सोडवलेली गाय माणूस त्याच दिवशी बाजारात नेत नाय, नाना. सरका जरा, पेंढीवर पाय हाय तुमचा."